दूरचे शिक्षण आणि गावचा पार

रबीचा हंगाम तोंडावर आला की करमाळा तालुक्यातील शेतकऱ्याच्या हातातील मोबाइल फोन दिवसभर वाजू लागतो. हवामानाचा अंदाज, बीजप्रक्रियेची सूचना, नव्या वाणाची माहिती, एखाद्या शास्त्रज्ञाचे अर्ध्या तासाचे भाषण, औषधविक्रेत्याची जाहिरात आणि कोणा अनोळखी माणसाने पाठविलेला रामबाण उपाय, हे सर्व एकाच दारातून आत येते. पूर्वी जे ज्ञान मिळविण्यासाठी शेतकऱ्यास राहुरीच्या विद्यापीठाची किंवा मोहोळच्या संशोधन केंद्राची वाट धरावी लागे, ते आता बांधावर बसून मिळते. ही सोय लहान नाही आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु माहिती घरी आली म्हणजे शिक्षण झाले काय, हा प्रश्न ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे. आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मिळालेले आहे.

पुण्याचा प्रयोग

सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून १५० गावे निवडण्यात आली. करमाळ्याला लागून असलेला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, ह्या पाचांत होता. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ स्थापन झाले. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित झाले. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, संपताच त्यावर चर्चा करावी, शक्य असेल तर काही निर्णय घ्यावा, आणि आपले प्रश्न व अभिप्राय पुणे केंद्राकडे लिहून पाठवावेत, अशी पद्धत ठरली होती. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ही कल्पना कॅनडातून आली होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत असत. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे तिचे सूत्र होते.

ह्या प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची जबाबदारी पॉल न्यूरथ ह्या समाजशास्त्रज्ञाकडे होती. त्यांनी केवळ मंडळांची गावे तपासली नाहीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे, आणि जेथे रेडिओही नव्हता अशी गावे, ही दोन्ही तुलनेसाठी घेतली. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आणि ते संपल्यानंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांच्या ज्ञानात किती भर पडली हे पाहिले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही प्रत्येक विस्तार-कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. मंडळांच्या गावांतील ज्ञानाची वाढ लक्षणीय होती. मंडळ नसलेल्या गावांतील वाढ मात्र नगण्य होती, मग त्या गावी रेडिओ असो वा नसो.

ह्या शेवटच्या वाक्याचा नीट विचार करावा. यंत्र तेच होते. आवाज तोच होता, भाषा तीच होती आणि विषयही तेच होते. फरक एवढाच की एका गावात ऐकणाऱ्यांसाठी बसण्याची जागा, बोलण्याची वेळ आणि प्रश्न पोहोचविण्याचा मार्ग ठरवून दिला होता आणि दुसऱ्या गावात तो नव्हता. म्हणजे शिक्षण घडविले ते पद्धतीने. यंत्राने त्या पद्धतीचा पल्ला वाढविला.

चर्चेने काय साधते ?

चर्चेमुळे असे काय घडते, असे कोणी विचारील. उत्तर शेतीच्या स्वरूपातच आहे. दुरून बोलणारा तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी त्याला सर्वसाधारण सांगावे लागते, आणि शेतकऱ्याला मात्र विशिष्ट करावे लागते. करमाळा तालुक्याचेच उदाहरण घ्या. पश्चिम व दक्षिण बाजूस उजनीचे पाणी पसरलेले आहे आणि त्याच्या काठाने ऊस व केळीच्या बागा उभ्या आहेत. दुसऱ्या बाजूस सीनेचा काठ आहे. आणि ह्या दोन पाण्यांच्या मध्ये पावसाकडे डोळे लावून बसलेली ज्वारी-तुरीची जिराईत जमीन आहे. त्यातही एका शेतात दोन हात काळी माती, तर शेजारच्या शेतात वीतभर मातीखाली मुरूम. पुण्याहून किंवा मुंबईहून आलेली एकच सूचना ह्या सर्वांना सारखी कशी लागू पडावी ?

ती सूचना आपल्या रानाला कशी लावावयाची, हे काम कोणीतरी केलेच पाहिजे. एकटा शेतकरी ते करू लागला की दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो ‘हे आपल्याकडचे नव्हे’ म्हणून ती बाजूस टाकतो, किंवा जशीच्या तशी उचलून नुकसान करून घेतो. चार जण एकत्र बसले म्हणजे एक म्हणतो, माझ्या हलक्या रानात हे गेल्या साली फसले. दुसरा सांगतो, मी पेरणी आठ दिवस आधी केली म्हणून साधले. तिसरा असा प्रश्न विचारतो की जो बाकीच्यांच्या मनात असून ओठावर आलेला नसतो. ह्या बोलण्यातूनच दूरचे ज्ञान गावचे होते. शिवाय चारचौघांत केलेला संकल्प मोडणे अवघड असते, आणि नवी रीत एकट्याने आजमावण्यास जो धीर लागतो तो सोबतीने येतो.

साधने बदलली, धडा तोच

पुण्याच्या यशानंतर १९५९ मध्ये ग्रामीण रेडिओ मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे तिचा जोर ओसरला. रेडिओ मात्र राहिला आणि त्याने मोठी कामेही केली. १९६० नंतरच्या दशकात तंजावर भागात एडीटी २७ ह्या भातवाणाचा आकाशवाणीवरून इतका प्रचार झाला की लोक त्याला रेडिओ-भात म्हणू लागले. तेव्हा यंत्राची शक्ती कोणी कमी लेखू नये. नव्या गोष्टीची वार्ता पसरविणे, तिचे नाव घरोघरी नेणे, वेळेवर इशारा देणे, ही कामे यंत्र उत्तम करते. परंतु वार्ता कळणे आणि कसब येणे ह्यांत अंतर आहे.

हे अंतर ओळखून ज्यांनी पद्धत आखली त्यांना यश आले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्याला महाविद्यालयात जाता आले नाही अशा माणसाला घरी राहून, शेती सांभाळून शिकता यावे हा त्यामागील हेतू होता. त्याच्या कृषिविषयक शिक्षणक्रमांत पुस्तक घरी येते, पण प्रात्यक्षिकासाठी अभ्यासकेंद्रावर जावे लागते. डोळे बांधण्याचे काम पुस्तकातून कळेल. हाताला वळण लागण्यासाठी झाडासमोर उभे राहावेच लागते.

त्याच १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. हंगामभर दर आठवड्यास शेतकरी शेतात जमत, कीड आणि मित्रकीटक स्वतः मोजत, पाहिलेले कागदावर काढीत आणि मग फवारणी करावी की नाही ते आपसांत ठरवीत. आपल्याकडे कृषि विभागाच्या वतीने भरणाऱ्या शेतीशाळा ह्याच विचाराच्या आहेत. तेथे कोणतेही दूरचे यंत्र नव्हते. तरीही तेथील रीत आणि पुण्याच्या श्रोतृमंडळांची रीत ह्यांचे मूळ एकच आहे: ठरलेली वेळ, लहान गट, हातचे काम आणि प्रश्नाला उत्तर.

आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरणही ह्या संदर्भात बोलके आहे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यातून मुलाला कविता ऐकता यावी, धडा पाहता यावा, अशी त्यांची योजना होती. ह्यातील यंत्र अगदी साधे आहे. परंतु कोणत्या पानावर, कोणत्या मुलासाठी, काय ठेवावयाचे हे वर्गातील मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकाने ठरविले, म्हणून ते उपयोगी पडले. त्याच वर्षी महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती नुसता फोन आला. ज्या मुलाजवळ विचारायला कोणी माणूस होते ते टिकले आणि ज्याजवळ नव्हते ते मागे पडले, हे आपण सर्वांनी आपल्या घरी पाहिले आहे. मग प्रौढ शेतकऱ्याच्या बाबतीत निराळे कसे घडेल ?

कोणते काम कशाने करावे ?

रेडिओपेक्षा फोनचे गुण पुष्कळ अधिक आहेत हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रेडिओवरील शब्द एकदा कानावरून गेला की गेला. फोनवरील चित्रफीत दहा वेळा पाहता येते. रेडिओ केवळ सांगू शके. फोन दाखवू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतकऱ्यालाही त्यावरून बोलता येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर विनामूल्य फोन करून आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो. पुण्याच्या मंडळांना उत्तरासाठी पुढील कार्यक्रमाची वाट पाहावी लागे. आज ते तत्काळ मिळू शकते. तेव्हा प्रश्न फोन वापरावा की नाही असा नाही. त्याला कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, हा आहे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातही दिसली. ही कीड तेव्हा नवी होती; येथे कोणीही ती पूर्वी पाहिलेली नव्हती. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराच्या उलट्या आकाराची खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके असतात. ही ओळख पटविण्यास फोनवरील मोठे, स्पष्ट चित्र फार उपयोगी आहे. परंतु पिकात नागमोडी फिरून पाच ठिकाणी दहा-दहा झाडांचे पोंगे उघडून पाहणे, आणि किती झाडांवर कीड आहे त्यावरून निर्णय घेणे, हे चित्र पाहून येत नाही. ते एकदा चार जणांनी मिळून शेतात केले पाहिजे.

डाळिंबावरील तेल्याची गोष्ट ह्याच्या उलट आहे. हा रोग जिवाणूंमुळे होतो. फळावर तेलकट डाग पडतात आणि पुढे ते तडकतात. बुरशीमुळे पडणारे डागही दुरून पुष्कळसे सारखे दिसतात. अंधुक छायाचित्र पाहून दूरच्या माणसाने निदान केले आणि ते चुकले तर बुरशीवरचा खर्च तेल्यावर होतो, आणि बागेत रोग पसरतच राहतो. येथे फोनने केवळ दोन गोष्टी कराव्यात: शंका कळवावी आणि जाणकार माणसाला बागेपर्यंत आणावे. ह्याच जिल्ह्यात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्याच्या सल्ल्याचा लाभ नमुना नीट नेल्यास अधिक मिळेल.

रबी ज्वारीची बीजप्रक्रिया तर त्याहून साधी आहे. काणी रोग टाळण्यासाठी ३०० मेश पोताचे गंधक किलो बियाण्यास ४ ग्रॅम ह्या प्रमाणात चोळावे, हा सल्ला बहुतेक शेतकऱ्यांनी ऐकलेला आहे. मग तो सर्व शेतांत का दिसत नाही ? कारण चार ग्रॅम म्हणजे किती हे घरी मोजावयाचे कशाने, हा लहानसा प्रश्न कोणत्याही संदेशात सुटत नाही. पारावर एका गोणपाटावर पाच किलो मालदांडी आणि कागदाच्या पुडीत वीस ग्रॅम गंधक घेऊन एकदा करून दाखविले की तो कायमचा सुटतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यात मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यानंतर घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याच्या चित्रफिती पुष्कळ फिरल्या. ज्या गावी कोणी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून, आठवड्याने ती सर्वांसमक्ष उघडून मोजली, त्या गावाला पुन्हा चित्रफीत दाखविण्याची गरज उरली नसेल.

आक्षेपांचा विचार

ह्यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा की गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे अनेक गावे असतात, कागदपत्रे असतात, अनुदानाची व पंचनाम्याची कामे असतात. मंडळे भरविण्यास त्याला वेळ कोठून मिळणार? हे खरे आहे. परंतु पुण्याच्या प्रयोगात मंडळ कोणा अधिकाऱ्याने चालविले नव्हते. गावातीलच निमंत्रकाने ते चालविले. कार्यकर्त्याने सर्व बैठकींना हजर राहण्याची आवश्यकता नाही. योग्य निमंत्रक निवडून त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे त्याचे काम आहे.

दुसरा आक्षेप गावातील गटबाजीचा. पारावर सर्वांना सारखी जागा मिळत नाही, गरिबाच्या प्रश्नाला मान मिळत नाही, आणि बायका तर तेथे येतच नाहीत, असे म्हटले जाते. ह्यात तथ्य आहे म्हणूनच मंडळ एकच असावे असा आग्रह धरू नये. बियाणे निवडणे, खुरपणी, काढणी, जनावरांचे दूधपाणी ही कामे ज्या भगिनी करतात त्यांच्या घरातील फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. म्हणजे जी काम करते तिच्यापर्यंत संदेश पोहोचत नाही आणि ज्याच्यापर्यंत पोहोचतो तो ते काम करीत नाही. गावातील बचतगटाची बैठक ठरलेली असते. त्याच बैठकीत अर्धा तास शेतीसाठी राखून ठेवावा. नवी इमारत नको, नवा निधी नको.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे. ते म्हणतात, आम्ही फोनवर पाहूनच ठिबक बसविले, केळीची निर्यात शिकलो. आम्हाला मंडळ कशाला? अशा तरुणांचे कौतुकच आहे. पण त्यांनी आठवून पाहावे. चित्रफीत पाहिल्यावर त्यांनी कोणाला तरी फोन केला असेल, कोणाची तरी बाग पाहून आले असतील, पहिल्या चुकीनंतर कोणा अनुभवी माणसाला विचारले असेल. त्यांनी आपले मंडळ स्वतःच जमविले. ज्याला ओळखीपाळखी नाहीत, ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याला ते जमवून द्यावे लागते. विस्तारकार्य ह्याच माणसासाठी आहे.

काय करावे ?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ह्या रबीत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावांपैकी निदान एका गावी पंधरा-वीस जणांचे शिकणारे मंडळ उभे करावे. आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवावी व ती मोडू नये. बैठकीत एकच विषय घ्यावा. चित्रफीत दहा मिनिटांहून मोठी नसावी आणि ती कार्यकर्त्याने किंवा निमंत्रकाने आधी पाहिलेली असावी. ती संपल्यावर फोन खाली ठेवावा आणि ‘हे आपल्या रानात कसे लागू पडेल ?’ हा एकच प्रश्न विचारून बोलण्यास सर्वांना वाव द्यावा. जे प्रश्न सुटणार नाहीत ते वहीत लिहावेत, कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कॉल सेंटरकडे विचारावेत, आणि पुढच्या बैठकीचा आरंभ त्यांच्या उत्तरांनी करावा. उत्तर मिळाले नसेल तर तसे सांगावे, पण प्रश्न विसरू नये. कारण विचारलेल्याला उत्तर येत नाही असे एकदा दिसले की माणसे विचारणे सोडतात. शेवटी, एका सभासदाच्या शेतात चार ओळींचा तुकडा राखून ऐकलेले तेथे करून पाहावे आणि त्याच्या बाजूला नेहमीच्या रीतीच्या चार ओळी ठेवाव्यात. दोन्हींकडे पाहून गाव स्वतःच निर्णय घेईल.

वरिष्ठांना एक विनंती करणेही आवश्यक वाटते. किती शेतकऱ्यांना किती संदेश पाठविले, ह्या आकड्यावर कार्यकर्त्याचे काम मोजले गेले तर तो संदेशच पाठवील. त्याऐवजी किती प्रश्न आले, त्यांपैकी कितींना उत्तर गेले आणि किती शेतांत नवी रीत प्रत्यक्ष दिसली, हे विचारावे. १९५६ मध्ये न्यूरथ ह्यांनी किती रेडिओ वाटले एवढेच मोजून समाधान मानले असते, तर रेडिओ असून मंडळ नसलेली गावे फारशी शिकली नाहीत, हे सत्य कोणाला कळलेच नसते.

आता तर मराठीत बोलून उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत. उद्या याहून चतुर यंत्रे येतील. त्यांना भिण्याचे कारण नाही आणि त्यांच्यावर सर्व भार टाकण्याचेही नाही. आडातून पाणी वर आणण्यास मोट गेली, इंजिन आले, विजेचा पंप आला. पण पाणी कोणत्या सरीला किती द्यावयाचे हे पाहण्यास बाऱ्यावर उभा राहणारा माणूस अजून लागतोच. ज्ञानाच्या पाटावरही तसा माणूस हवा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ती जागा सोडू नये, आणि शेतकरी बांधवांनी व भगिनींनी एकमेकांच्या सोबतीने बसून ते पाणी आपल्या सरीला वळवून घ्यावे.